बसा मास्तर, बोलावतो

दोष प्रकाश सबनीसांचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सुरतच्या मराठी मंडळांत दोष कोणाचाच नसतो. तो परिस्थितीचा असतो. परिस्थितीबद्दल खेद व्यक्त होतो, खेद इतिवृत्तात लिहिला जातो आणि मग चहा येतो.

वाल्मिकमामासुद्धा ही गोष्ट सबनीसांच्या नावापासूनच सुरू करतो. नवागामला त्याचा साउंडचा गाळा आहे. त्या रात्री चलथाणचं एक लग्न उरकून स्पीकर उतरवले होते. साडेअकरा झाले होते. गाळ्यातला बल्ब उडाला होता आणि नवीन आणायला कोणी उठत नव्हतं. मामाकडे कामाला असलेला निखिल एका खोक्यावर बसलेला, जयश्री दुसऱ्यावर. जयश्री मामाची भाची. मिक्सर आता तीच सांभाळते. मामा खाली जमिनीवर, भिंतीला टेकून.

"भूतबित मी मानत नाही," मामा म्हणाला. "पण सबनीस साहेब माझ्याशी खोटं कशाला बोलतील?"

"सवय असते मामा," जयश्री म्हणाली. "मोठ्या माणसांना."

मामाने पाय लांब केले.

सबनीस बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. अडाजणला फ्लॅट. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि एकुलती एक मुलगी अपर्णा. अपर्णा गायची, आणि ती मोठी गायिका व्हावी यापलीकडे त्या माणसाला जगात काही नको होतं. एकोणीस वर्षं ते स्वरविहार मंडळाचे कार्यवाह होते. कोणाला बोलवायचं, कोणाला किती मिनिटं द्यायची, कोणाच्या गळ्यात हार घालायचा, सगळं त्यांच्या हातात. खुर्ची सोडा असं त्यांना कोणी म्हणत नव्हतं, कारण म्हणणाऱ्यालाही स्वतःची खुर्ची होती.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. तबलजीने विचारलं, आमचा चहा कधी, की "बसा, बोलावतो." नव्या पोरापोरींनी विचारलं, आम्हाला कधी गायला मिळणार, की "बसा, बोलावतो." बँकेत कर्ज मागायला आलेल्यांनाही म्हणे तेच. नाही म्हणावं लागत नाही, हो म्हणावं लागत नाही. साधी माणसं बसून राहतात.

दत्तू गुरव तसे साधे होते. राहायला इथेच, नवागामला, मामाच्या गाळ्यापासून तिसऱ्या गल्लीत. पांडेसऱ्याच्या एका कारखान्यात ते लूममास्तर, म्हणजे माग अडला की तो चालू करणारे. आणि मंडळात गाण्याचे मास्तर. मंडळवाल्यांच्या पोरांना त्यांनी वीस वर्षं फुकट शिकवलं. अपर्णा सात वर्षांची असल्यापासून त्यांच्यासमोर बसायची. बारा तास मागांच्या खडखडाटात उभं राहून माणसाला संध्याकाळी सूर ऐकू कसा येतो, हे मामाला अजून कळलेलं नाही.

त्यांचा स्वतःचा तंबोरा होता. तार नीट गुंजावी म्हणून घोडीवर, तारेखाली, एक बारीक दोरा सरकवतात. त्याने जवारी लागते. सगळे पांढरा सुती दोरा वापरतात. मास्तर मागावरचा लाल धागा वापरायचे. का, तर म्हणायचे, "आपल्या हातचा माल आहे."

या सगळ्याच्या बदल्यात मंडळ त्यांना वर्षातून एकदा पंधरा मिनिटं द्यायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी वार्षिक कार्यक्रम, आणि शेवटची भैरवी दत्तू मास्तरांची. भैरवी झाली की मैफल संपली, त्यानंतर कोणी गात नाही, आणि ती म्हणायचा मान ज्येष्ठाचा. मास्तर वर्षभर त्या पंधरा मिनिटांसाठी गळा सांभाळायचे. दही बंद, थंड पाणी बंद. आणि एक कायदा त्यांनी स्वतःलाच घालून घेतला होता. नाव पुकारल्याशिवाय मंचावर पाय ठेवायचा नाही. आपणहून जातो तो भिकारी, बोलावल्यावर जातो तो कलावंत, असं ते पोरांना शिकवायचे.

२०२३ साली तो शनिवार ९ डिसेंबरला आला. नानपुऱ्यातलं एका ट्रस्टचं जुनं सभागृह. प्रमुख पाहुणे साड्यांचे व्यापारी, कार्यक्रम त्यांच्याच पैशांवर उभा, म्हणून ते दीड तास उशिरा आले तरी चाललं. मग मंडळाने त्यांचा सत्कार केला, मग त्यांनी मंडळाचा. अकरा शाली. अकरा नारळ. भाषण. पावणेदहा वाजले. दहाला माईक बंद करायचा, असा सभागृहाचा नियम. पहिल्या रांगेत पुण्याचा एक आयोजक बसला होता, तरुण गायकांचे कार्यक्रम गावोगाव लावणारा. सबनीसांना त्याला अपर्णा ऐकवायची होती, आणि शेवटी ऐकवायची होती. शेवटी जो गातो तोच लोकांच्या कानात घरापर्यंत जातो, हे त्यांना पक्कं माहीत.

ते ग्रीनरूममध्ये गेले. मास्तर खुर्चीत बसलेले, इस्त्रीचा सदरा, मांडीवर तंबोरा, काळी एकमध्ये सूर लावलेला. त्यांची पट्टी तीच.

"साहेब, बोलावता ना?"

"बसा मास्तर, बोलावतो."

तिथून सबनीस विंगेत आले आणि अपर्णाला म्हणाले, "सरांचा घसा बसलाय. ते म्हणाले, आज भैरवी अपर्णाच म्हणेल."

अपर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पाया पडायला ग्रीनरूमकडे वळली.

"नंतर," सबनीस म्हणाले. "आधी वर जा. दहा मिनिटं राहिलीत."

तिने भैरवी म्हटली. चांगली म्हटली, मामाही ते कबूल करतो. पडदा पडला, लोक जेवायला धावले. अपर्णा सरांना शोधत आली तेव्हा सबनीसांनी सांगितलं, "गेले ते. अंगात कणकण होती."

सव्वादहाला चौकीदार किरणभाईने दारातून हाक मारली, "कोई छे?" कोणी ओ दिली नाही. मास्तरांनी कशाला द्यावी? 'कोई' हे काही त्यांचं नाव नव्हतं. किरणभाईने मेन स्विच पाडला, कुलूप घातलं.

सकाळी सातला झाडूवाली आली तेव्हा मास्तर त्याच खुर्चीत होते. तंबोरा मांडीवर, हात तारांवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. मध्यरात्रीच्या सुमारास.

मंडळाने शोकसभा घेतली. दोन मिनिटांची शांतता सव्वा मिनिटात आटोपली. अपर्णाला सांगण्यात आलं की मास्तर घरी निघाले असतील, वाटेत बरं वाटेना म्हणून परत येऊन बसले असतील. कमिटीतल्या सात जणांना हे पटलं. तंबोरा मंडळाच्या कपाटात गेला. मास्तरांची बायको उषाबाई दोनदा मागायला आली. "मना मालकना तंबोरा शे, साहेब. माले दी द्या." सबनीस म्हणाले, "बसा, कमिटीत मांडतो." ती बाहेर बाकावर बसली. संध्याकाळी शिपायाने तिला उठवलं.

"मामा," जयश्री अंधारातून म्हणाली, "तुम्ही कुठं होता त्या दिवशी?"

"मिक्सरवर."

"म्हणजे मास्तरांचा माईक तुम्हीच लावला असेल."

"लावला होता."

"आणि ते आत बसलेत हे माहीत होतं."

गल्लीतून एक रिक्षा गेली. तिचा उजेड मामाच्या तोंडावरून सरकला आणि निघून गेला.

"दहा वाजले होते," मामा म्हणाला. "मी वायरी गुंडाळत होतो."

मग मामाने आपणहून पुढचं सांगितलं.

वर्ष गेलं. १३ डिसेंबर २०२४, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी वार्षिक कार्यक्रम, आणि नेमकी त्याच दिवशी दत्तजयंती. पुण्याचा आयोजक परत येणार होता. या खेपेला अपर्णा पसंत पडली तर वर्षभराचे कार्यक्रम पक्के. अपर्णाने बापाला एकच गोष्ट मागितली होती, की गाताना मागे सरांचा तंबोरा हवा. सबनीसांनाही ते आवडलं. श्रद्धांजली म्हणून निवेदनात छान दिसलं असतं.

म्हणून रात्री साडेनऊला ते स्कूटरवर नानपुऱ्याला गेले. किरणभाई गेटवर डबा सोडून बसला होता. त्याने ग्रीनरूमची चावी दिली.

"जल्दी करजो साहेब. दस वागे बंध."

"पाच मिनिटं."

मंचावर एक पिवळा दिवा होता. सबनीस विंगेतून मागे गेले, ग्रीनरूम उघडली, ट्यूब लावली. लांब आरसा, त्याच्यासमोर टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात मंडळाचं लोखंडी कपाट. फोन वाजला. अपर्णा. त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, दोन्ही हात मोकळे हवे होते.

"बाबा, भोपळ्याला धक्का लावू नका हं. सरांचा आहे."

"माहितीये गं. काढतोय."

"तारा कशा आहेत?"

सबनीसांनी तंबोरा उजेडात धरला. "सैल. चारही लोंबतायत. दोरे पण नाहीत खाली. वर्षभर पडून आहे."

"असू द्या. सकाळी मी लावते. खोळ घाला नीट."

त्यांनी खोळ घातली. चेन वरपर्यंत ओढली. तंबोरा उचलून छातीशी धरला.

आणि तो वाजला.

एकच तार. पंचम.

त्यांना वाटलं, खुंटीला हात लागला असेल. पण सैल तार वाजत नाही. एवढं गाणं त्यांनाही कळत होतं.

मग दुसरी तार. मग तिसरी.

खोळीच्या आत... त्यांच्या छातीला लागून... सावकाश. जसं कोणी सूर लावतंय. तार थोडी चढायची. थांबायची. परत चढायची.

"बाबा?" फोनमधून अपर्णा म्हणाली.

त्यांना तंबोरा खाली ठेवायचा होता. हात सुटेनात.

मागे खुर्ची करकरली. समोर आरसा होता. त्यांनी आरशात पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले... तिथे कोणीतरी सिगारेटने डाग पाडला होता... त्या डागाकडे.

इस्त्रीच्या कपड्याचा वास आला.

"साहेब..."

हळू आवाज. अदबीचा. घसा अजिबात न बसलेला.

"...बोलावता ना?"

आता इथे कुठलाही माणूस ओरडला असता. पळाला असता. माफी मागितली असती. मास्तर, चला, या, एवढे दोन शब्द पुरले असते. पण सबनीसांचं तोंड चाळीस वर्षं एकाच वाक्याला सरावलेलं. ते आपोआप उघडलं.

"बसा मास्तर. बोलावतो."

तार थांबली.

फोनच्या पलीकडे श्वास थांबला.

मग मागून काहीच आलं नाही. पाऊल नाही... करकर नाही... लांबून, दाराकडून, किरणभाईची हाक आली.

"साहेब? कोई छे?"

सबनीसांना ओ द्यायची होती. मी आहे, म्हणायचं होतं. तोंड हललं. आवाज आला नाही. ते मागच्या खुर्चीत बसले. खुर्ची ऊबदार होती.

"गया लागे छे," किरणभाई लांब कुठेतरी स्वतःशी पुटपुटला.

आणि दिवे गेले.

मामा साडेदहाला टेम्पो घेऊन पोचला. दुसऱ्या दिवशीचं साउंड रात्रीच उतरवायचं होतं. किरणभाईने कुलूप उघडलं, स्विच वर केला. ग्रीनरूमचं दार उघडंच होतं. सबनीस खुर्चीत ताठ बसलेले, तंबोरा मांडीवर, खोळीची चेन लावलेली. डोळे उघडे.

"साहेब, इथे काय करताय?"

"मला उठवेना रे वाल्मिक," ते म्हणाले. "कोणी बोलावलंच नाही."

टेबलावर फोन चालू होता. त्यावर आकडे पळत होते, सत्तावन्न मिनिटं आणि वर काही सेकंद. मामा फोन बंद करायला गेला, तेवढ्यात आतून अपर्णा बोलली.

"मामा, फोन राहू द्या. बाबा ऐकतायत?"

"हो."

"मघापासून सर सूर लावतायत. आत्ता तुम्ही आलात तेव्हा थांबले." मग ती बापाला म्हणाली, "बाबा, घसा बसला होता ना त्यांचा?"

सबनीसांनी मान खाली घातली. त्यांनी तर किरणभाईच्या हाकेनंतर काहीच ऐकलं नव्हतं. अंधारात ते एकटेच बसले होते.

मामाने त्यांना टेम्पोतून अडाजणला सोडलं. वाटेत, तापीच्या पुलावर, त्यांनी सगळं सांगितलं. एकदाच. पुन्हा कोणाजवळ त्यांनी तोंड उघडलं नाही. तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते, खोळ कोणी उघडली नव्हती, हे मामा शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. सत्कार वेळेत झाले, पुण्याचा माणूस पहिल्या रांगेत. अपर्णा मंचावर आली ती साध्या साडीत, हातात खोळीतला तंबोरा. तिने तो मधल्या खुर्चीला टेकवून ठेवला, खोळ न काढता. माईकसमोर उभी राहिली.

"गेल्या वर्षी माझ्या सरांना कोणी बोलावलं नाही," ती म्हणाली. "मी बोलावते. श्री. दत्तात्रय गुरव यांना विनंती आहे, त्यांनी मंचावर यावं."

आणि ती हात जोडून बाजूला उभी राहिली.

पाच मिनिटं. खुर्ची, तंबोरा, माईक. तीनशे माणसं. कमिटीवाले एकमेकांकडे बघत होते, एकाने हळूच घड्याळ पाहिलं. कोणी आलं नाही, काही वाजलं नाही. मग अपर्णाने वाकून मंचाला नमस्कार केला, तंबोरा उचलला आणि विंगेत उतरली.

तिथे सबनीस आडवे आले. "अगं, काय करतेस? पाहुणे बसलेत. ते पुण्याहून आलेत तुझ्यासाठी. मी हे सगळं कोणासाठी केलं?"

तिने बापाकडे नीट पाहिलं.

"बसा बाबा," ती म्हणाली. "बोलावते."

मामा त्या दिवशी मिक्सर तसाच सोडून उठला. वायरी गुंडाळल्या नाहीत. अपर्णाला टेम्पोत बसवून त्याने थेट नवागाम गाठलं.

उषाबाई भाकऱ्या करत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि तंबोरा मांडीवर घेतला. खोळीची चेन तिनेच उघडली. चारही तारा ताणलेल्या होत्या. तिने अंगठ्याने एक छेडली आणि अपर्णाने डोळे मिटले. काळी एक. पक्की.

उषाबाई घोडीवर वाकली. चारही तारांखाली लाल धागा होता. नवा, मागावरून आत्ता तोडल्यासारखा, टोकं अजून विसविशीत.

"हाऊ धागा कोनी टाका, बेटा?"

अपर्णाने मामाकडे पाहिलं. मामाने नकारार्थी मान हलवली.

मास्तरांचा कारखाना त्या आधीच्या दिवाळीत बंद पडला होता. माग भंगारात गेले होते.

गाळ्यात कोणीतरी मोबाईलचा दिवा लावला. जयश्री उठली, बल्ब आणायला म्हणून, पण दारातच उभी राहिली.

"आणि सबनीस?" निखिलने विचारलं.

सबनीस अजून कार्यवाह आहेत. अपर्णा त्या आठवड्यात घर सोडून गेली, आणि गात नाही. गेल्या फेब्रुवारीत धुळ्याला तिचं लग्न झालं. उषाबाईंना पत्रिका आली, मामालाही आली. सबनीसांना बोलावणं नव्हतं.